पूजेनंतरचे केळीचे खुंट

दीपावलीच्या अमावास्येस भगवान महावीरांचे निर्वाण कल्याणक साजरे होते आणि व्यापारी घरांत वहीपूजनही होते. त्या सायंकाळी हदगावच्या बाजारपेठेत दुकानांच्या दारांशी केळीचे खुंट उभे राहतात आणि वर झेंडूची तोरणे झुलतात. शेजारचा अर्धापूर तालुका केळीसाठी प्रसिद्ध असल्याने खुंटांची वाण कधी पडत नाही. भाऊबीज सरते आणि ते माना टाकतात. मग कोणी ते नालीत लोटतो, कोणी उकिरड्यावर टाकतो, कोणी पैनगंगेच्या काठी नेऊन सोडतो. मोकाट गायी झेंडूबरोबर जरीचा दोराही गिळतात.

पेठेतील एका घरात यावरून सासू-सुनेत मतभेद झाला. परसात विटांचा हौद करून या साऱ्याचे खत करावे, असे सुनेचे म्हणणे होते. सासूबाईंना ते मान्य नव्हते. कुजते तेथे जीव उत्पन्न होतात. ती उत्पत्ती आपण हाताने का घडवावी, आणि तीही चातुर्मास संपला नसताना? हा आक्षेप जुनाट म्हणून हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या घरात पाणी गाळून पितात, त्या घरात तो उठणारच.

सुनेचे उत्तरही तितकेच साधे होते. “आई, आपण फेकले म्हणून कुजणे थोडेच थांबते? फक्त आपल्या डोळ्यांआड होते.” नालीत तर ते ओलाव्यात कुजते, पाणी तुंबते, डास वाढतात. पाच समित्यांतील शेवटची उत्सर्ग समिती साधूंसाठी सांगितलेली असली, तरी टाकायची वस्तू कोठे आणि कशी ठेवावी, हा अहिंसेचाच विषय आहे, एवढे तिच्यातून श्रावकानेही घ्यायला हरकत नाही.

ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांनी नाताळानंतरची व्यवस्था ऐकली असेल. न्यूयॉर्कमध्ये जानेवारीत नाताळची खरी झाडे उद्यानांत आणून त्यांचा चुरा करतात व तो झाडांच्या बुंध्यांशी पसरतात. इंग्लंडच्या लँकेशायर किनाऱ्यावर तीच झाडे वाळूत पुरून वाऱ्याने उडणारी वाळू अडवतात. आपल्याकडे खुंट विकत घेण्याचा दिवस ठरलेला असतो, विसर्जनाचा नसतो.

शेवटी त्या घरात दोघींचे थोडेथोडे राहिले. जरी, दोरा, चिकटपट्टी व प्लास्टिकची पाने प्रथम वेगळी काढली. खुंट ताजे असतानाच चिरून गोठ्यात दिले. केळीच्या खुंटात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, म्हणून ते एकटे पोटभर न घालता कडब्यात मिसळून द्यायचे. गुरे आवडीने खातात. झेंडू गच्चीवर बारदानावर पसरला. व्यापाऱ्याच्या घरी बारदानाला काय तोटा! कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला, तोवर पंधरा दिवसांत फुले कुरकुरीत वाळली होती. वाळल्या वस्तूत जीव सहसा पडत नाहीत. सासूबाईंचा मुख्य आग्रह तोच होता.

पौर्णिमेनंतर हौद भरला. तळाशी हवा खेळावी म्हणून तुराट्या, त्यावर फुले, खुंटांचे उरलेले निबर तुकडे, माती आणि शेणकाला असे थर दिले. ओल पिळलेल्या कापडाइतकी. मुठीत दाबले तर थेंब पडू नये. वर माश्या बसू नयेत म्हणून ओले बारदान. गांडुळे आणून सोडण्यास सासूबाईंनी साफ नकार दिला. जीवांना हौदात आणून कामाला लावणे त्यांना पटेना. खत फावड्याने उलथण्यासही त्यांची मनाई होती. म्हणून मध्यभागी गाठी फोडलेला, बाजूंनी भोके पाडलेला पोकळ बांबू उभा केला आणि हवा त्यातून आत जाऊ दिली. असे खत सावकाश होते. उलथले असते तर तीन-चार महिन्यांत झाले असते. येथे अक्षय्य तृतीया उजाडली.

वर्षीतपाच्या पारण्याचा तो दिवस. तो पार पडल्यावर दुसऱ्या दिवशी हौदाच्या खालच्या दोन विटा काढल्या. आतले खत काळे, भुसभुशीत झाले होते आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीचा वास होता. सासूबाईंनी ते सुपात घेऊन हलक्या हाताने निवडले, दिसलेले किडे पुन्हा हौदातच सोडले आणि मोगऱ्याच्या मुळाशी दोन ओंजळी घातल्या. सुपात जरीचा एक तुकडा मात्र जसाच्या तसा चमकत होता.