उजवी बाजू

आईची खालची उजवी दाढ काढून नऊ वर्षं झाली होती. किडली, दुखली, काढली. 'मागची आहे, कुणाला दिसतेय,' म्हणत तिने विषय संपवला आणि डावीकडून चावायला लागली. मग चिक्की, ऊस, फुटाणे एकेक करत 'मला आवडतच नाही'च्या यादीत गेले. आपल्याकडच्या आयांची ही यादी कशी वाढत जाते, यावर कुणीतरी पीएचडी करायला हवी.

डाव्या दाढेनेही कुरकुर सुरू केली तेव्हा मी तिला ओढतच डेंटिस्टकडे नेलं. एक्स-रेमध्ये रिकाम्या जागेखालचं हाड शेजारच्यापेक्षा चक्क खचलेलं दिसत होतं. दात गेला की चावण्याचा दाब हाडापर्यंत पोचत नाही, आणि ज्या हाडाला काम नाही ते शरीर हळूहळू शोषून घेतं. वरची दाढही आधार शोधत खाली उतरू लागली होती. जाहिरातीत इम्प्लांट म्हणजे पांढरंशुभ्र हसू असतं. या हाडाबद्दल कुणी बोलत नाही.

ब्रिज स्वस्त होता, लवकर होणारा होता. पण त्यासाठी दोन्ही बाजूंचे धडधाकट दात तासावे लागणार होते. "माझ्या दुखण्यापायी शेजाऱ्यांना कशाला तासायचं?" आई म्हणाली. इम्प्लांटचा आकडा ऐकून मात्र गप्प झाली. "एवढ्यात तुझ्या गाडीचं डाउनपेमेंट होईल." घरी आठवडाभर यावरून धुसफूस चालली. शेवटी पैसे मी भरले, आणि ते ती अजून नातेवाइकांना सांगते, तक्रारीच्या सुरात.

हाडात बसवतात तो टायटॅनियमचा छोटा स्क्रू. ही गोष्ट सापडली ती दात शोधताना नव्हे. १९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला गेले, तर ते निघेना. हाडाने त्याला घट्ट धरून ठेवलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन यांच्या खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर ते काम देत होते. चाळीस वर्षं! आमचा मिक्सर चार वर्षं टिकत नाही.

अर्थात हाडाला घाई चालत नाही. आईची शुगर आधी तपासली. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा सिगारेट चालू असेल तर इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. स्क्रू बसवल्यावर चार महिने थांबलो, मग वर कॅप बसली. हा दात किडत नाही, पण भोवतीची हिरडी सुजू शकते, म्हणून फटीतून फिरवायचा बारीक ब्रश मिळाला. तो ती रोज रात्री न चुकता वापरते. परवा बेसिनपाशी उभी राहून बाबांना म्हणत होती, "तुमचीही वरची एक गेलीय ना? आ करा बघू."