ओसरीवरचा इतिहास

शाळामास्तर निवृत्त झाला म्हणजे त्याच्या हातचा खडू सुटतो. शिकविण्याची खोड मात्र सुटत नाही. आमचेही तसेच झाले. गोंदिया जिल्ह्यातील आमगाव तालुक्यात आमचे घर आहे आणि त्यात भावाभावांची मिळून सहा नातवंडे नांदतात. शाळेत त्यांस शिवचरित्र शिकवितात, ते योग्यच होय. परंतु नाईल नदीच्या काठी किंवा चीन देशात माणसे कशी राहत होती, हे त्यांच्या कानी तुटक तुटकच पडते. म्हणून गेली दोन वर्षे दिवेलागणीनंतर ओसरीवर आम्ही त्यांस जगाचा इतिहास सांगत असतो.

हा उद्योग नवा नव्हे. पंडित नेहरूंनी १९३० ते १९३३ या काळात, बहुतेक तुरुंगातून, कन्या इंदिरेस १९६ पत्रे लिहिली. तो घरच्या घरी दिलेला जगाचा इतिहासच होता. तेथे लेक समोर नव्हती. मग समोर नातवंडे बसलेली असताना आम्ही सबब कोणती सांगावी?

आरंभ दशावतारांपासून करावा, असे आमच्या वडील भगिनी आक्का यांचे मत होते. आम्ही आरंभ केला तो शेजारच्या सालेकसा तालुक्यातील कचारगडापासून. दरेकसा स्टेशनाजवळच्या या डोंगरात प्रचंड गुहा आहेत. माघी पौर्णिमेस तेथे गोंड बांधवांची यात्रा भरते. गुहेत कोंडलेल्या मुलांस पारी कुपार लिंगो यांनी सोडविले, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्याच गुहांत अश्मयुगातील दगडी हत्यारेही सापडली आहेत. हत्यार हा पुरावा आणि कथा ही श्रद्धा, एवढा भेद आम्ही मुलांस समजावून दिला. तोच थोरला नातू हसून म्हणाला, "डोंगरात मुलं कोंडली होती म्हणे!"

आम्ही रागावलो नाही. दुसऱ्या सायंकाळी आणखी एक कथा सांगितली. एक मनुष्य सकाळी हात धूत असता ओंजळीत एक लहानसा मासा आला आणि म्हणाला, तू मला वाढव, म्हणजे मी तुला पुरातून तारीन. पुढे त्या मोठ्या झालेल्या माशाच्या शिंगास नाव बांधून तो मनुष्य उत्तरेच्या पर्वतावर पोहोचला. नातू आता खदखदून हसू लागला. आतून आक्कांचा आवाज आला, "अरे, तो आपला मनू! मत्स्यावताराला हसतोस?" नातवाचा चेहरा उतरला.

ही कथा शतपथ ब्राह्मणातील. तिसऱ्या दिवशी आम्ही नीनवे नगरातील असुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहातली मातीची पाटी सांगितली. जॉर्ज स्मिथ या संशोधकाने १८७२ साली लंडनमध्ये ती वाचली, तेव्हा तीतही महापूर, नौका आणि डोंगर निघाला. बायबलातील नोहाची कथा तर प्रसिद्धच आहे. नातवाने हळूच विचारले, "आजोबा, मग खरं कोणाचं?"

आम्ही म्हणालो, "बाळ, ज्याला पुरावा आहे ते ओसरीवर तपासू. जी श्रद्धा आहे तिला देवघरात हात जोडू. मात्र आपली कथा देवघरात आणि दुसऱ्याची थट्टेत, असे या घरात चालणार नाही." आक्का दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. निधर्मी शिक्षण म्हणजे देव नाही असे शिकविणे, असा त्यांचा ग्रह झाला होता. आम्ही नित्य संध्या करतो; परंतु संध्या हे इतिहासाचे प्रमाण नव्हे, एवढेच आमचे म्हणणे.

तराजू एकच ठेवावयाचा म्हटले की त्यात कधीतरी आपणही बसतो. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने बंद झाली, आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक तेथील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांस अर्पण केले, हे आम्ही एकदा सांगत होतो. धाकट्या नातीने विचारले, "त्या लोकांना का? आपल्याकडेही तसं होतं का? आपल्या घरी?"

'पूर्वी कोठे कोठे होते' असे म्हणून सुटता आले असते. परंतु पुरावा मागण्यास आम्हीच शिकविले होते. आम्ही सांगितले की, अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ साली झाला. त्यानंतरही आमच्या बालपणी सालदाराचा कान तुटलेला कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा असे, आणि त्यात वरून चहा ओतण्याचे काम आमच्याकडे होते. "त्यांना काय वाटत असेल?" नातीने विचारले. ते कधी बोलले नाहीत आणि आम्ही कधी विचारले नाही, एवढेच उत्तर आमच्यापाशी होते.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आतून आक्का म्हणाल्या, "तो कप विसळायलासुद्धा मी शिवत नव्हते. तेही सांग त्यांना." त्या दिवसापासून त्या ओसरीवर येऊन बसतात.

ज्यांच्या घरी आजोबा आणि नातवंडे एका छपराखाली आहेत, त्या वाचकांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. नकाशा व दोन-चार चांगली पुस्तके पुरतात. मात्र मुलांचे प्रश्न इजिप्तवरून घरी केव्हा येतील याचा नेम नसतो. तेव्हा खरे सांगण्याची तयारी ठेवूनच पहिला धडा सुरू करावा.