खिडकीचं परमिट

लेकीचा फोन आला तेव्हा मी पोहे भिजवत होते. "आई, तुम्ही याल तेव्हा घरात जरा पसारा असेल. खिडक्या बदलायच्यात. परमिटसाठी अर्ज करतेय," ती म्हणाली. मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली. "खिडक्यांना कसलं परमिट?"

आपल्या इंदुरात खिडकी बदलायची म्हणजे ॲल्युमिनियमवाल्याला बोलवायचं, त्याने माप घ्यायचं, आपण भाव पाडायचा. नगर निगमाचा संबंध येतो तो नक्शा पास करण्यापुरता, आणि पास झालेल्या नक्श्याबरहुकूम उभं राहिलेलं घर जो दाखवील त्याला मी सराफ्यात रबडी खाऊ घालीन. (हे वाक्य आमच्या 'ह्यां'ना पटणार नाही. त्यांची बत्तीस वर्षं पी.डब्ल्यू.डी.त गेली.)

लेक अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसजवळच्या एका उपनगरात राहते. घर १९५५ सालचं, लाकडी. नातीच्या जन्माच्या वेळी आम्ही तिथे भर थंडीत चार महिने राहिलो होतो. बाहेर पारा उणे वीसपर्यंत उतरायचा. आमची खोली तळघरात, म्हणजे बेसमेंटमध्ये. तिकडे तळघर असलेली घरं खूप, कारण हिवाळ्यात जमीनच गोठते. राज्याच्या दक्षिण भागात पाया निदान साडेतीन फूट आणि उत्तरेत पाच फूट खोल न्यावा लागतो. इतकं खणायचंच आहे तर आणखी थोडं खणून खाली खोल्याच काढतात.

त्या खोलीला छताला लागून एक आडवी खिडकी होती. सकाळी पाहावं तर काचेवर आतल्या बाजूने बर्फाची नक्षी. दुपारी ती वितळायची आणि पाण्याचे ओघळ भिंतीवरून खाली. लेकीने घरातल्या सगळ्या खिडक्यांवर आतून पातळ प्लास्टिक चिकटवलं होतं, आणि केस वाळवायच्या ड्रायरने गरम हवा मारून ते ताणून बसवलं होतं. दुकानात त्याचा तयार संच मिळतो. हे रोज त्यावर बोटाने टकटक करत आणि म्हणत, "डॉलरच्या देशात पन्नी!"

तर ती पन्नी जाऊन आता खऱ्या खिडक्या यायच्या होत्या. आम्ही मे महिन्यात पोचलो तेव्हा तीन ठेकेदार येऊन भाव सांगून गेले होते. तिसऱ्याचा भाव सगळ्यात कमी, कारण त्याचं म्हणणं, परमिटच्या भानगडीत कशाला पडता, दोन दिवसांत लावून देतो. जावई जवळजवळ तयार होते. ह्यांनाही पटलं, याचं मला नवल वाटलं. लेक ऐकेना. "तो काय लावून जाईल ते बघणार कोण?"

बघायचं काय असतं ते मला हळूहळू कळलं. आपल्याकडे फ्रिजवर तारे असतात तसं तिथे नव्या खिडकीच्या काचेवर स्टिकर असतं. त्यावरचा मुख्य आकडा 'यू-फॅक्टर', म्हणजे खिडकीतून घरातली ऊब किती वेगाने बाहेर पळते त्याचं माप. जितका कमी तितकी खिडकी चांगली. जुन्या एकेरी काचेचा हा आकडा १ च्या आसपास असतो. लेकीच्या खिडक्यांना नियमाने तो ०.३२ पेक्षा जास्त चालणार नव्हता. त्यासाठी दोन काचा, त्यांच्यामध्ये आरगॉन वायू आणि काचेवर डोळ्यांना न दिसणारा चांदीचा थर. चांदी म्हटल्यावर मी नमुन्याची काच नखाने खरवडून पाहिली. थर आतल्या बाजूला असतो म्हणे, दोन काचांच्या मध्ये. दुसरा आकडा ऊन किती आत येतं त्याचा. मिनेसोटात त्याला बंधन नाही, ऊन तिथे हवंच असतं. इंदुरात मे महिन्यात मात्र आधी तोच आकडा बघावा लागेल.

अर्जात कुठली खिडकी कुठल्या खोलीची ते लिहायचं होतं. लेकीने तळघरातल्या आमच्या खोलीपुढे 'बेडरूम' लिहिलं. आठवड्याभरात तिथल्या सिटीच्या ऑफिसातून उत्तर आलं. आमच्या नोंदीप्रमाणे तुमच्या तळघरात बेडरूम नाही, सामानाची खोली आहे. तिथे कुणी झोपणार असेल तर आगीच्या वेळी माणसाला बाहेर पडता येईल एवढी खिडकी हवी. आधीच्या मालकाने कधीतरी भिंतीला फळ्या मारून, गालिचा घालून त्या खोलीची बेडरूम केली होती, आणि लेकीने घर घेताना ते विचारलं नव्हतं.

"म्हणजे आपण चार महिने गोदामात झोपलो," हे म्हणाले. हसतच म्हणाले, पण त्यांना लागलं होतं, ते मला कळलं.

उत्तरात मापं दिली होती. उघडल्यावर मोकळी जागा निदान ५.७ चौरस फूट. उंची २४ इंचांपेक्षा कमी नको, रुंदी २० इंचांपेक्षा कमी नको. खिडकीची खालची कड जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको. ह्यांनी कागदावर गुणाकार केला आणि खूश झाले. २० गुणिले २४ म्हणजे सव्वातीन फुटांच्या थोडं वर, म्हणून दोन्ही मापं कमीत कमी घेऊन भागत नाही, एक तरी वाढवावंच लागतं. "नियम लिहिणारा हुशार आहे," त्यांनी शेरा दिला. मग टेप घेऊन खाली गेले. जुनी खिडकी १४ इंच उंच भरली.

खर्च ऐकून मात्र सगळेच गप्प झालो. तळघराची भिंत काँक्रीटच्या ठोकळ्यांची. ती कापायची, वर लिंटेल टाकायचं, बाहेर जमीन खणून खिडकीपुढे खड्डा करायचा. एवढ्या एका खिडकीच्या पैशांत वरच्या निम्म्या खिडक्या झाल्या असत्या. त्या रात्री जेवणानंतर ह्यांनी विषय काढला. "बेटा, अर्जात सामानाची खोली लिही. संपलं. आम्ही वर्षाआड येणार, चार-सहा महिने राहणार. हॉलमध्ये झोपू."

"तुम्ही हॉलमध्ये झोपणार नाही बाबा, मला माहितेय. आठ दिवसांत परत खाली जाल."

"गेलो तर गेलो. तिथे सिटीचा माणूस रात्री बघायला येतो का?"

लेक एकदम चिडली. लग्नानंतर ती वडिलांवर इतकी चिडलेली मी पाहिली नव्हती. "जिना एकच आहे बाबा. तो स्वयंपाकघराशेजारी निघतो. आग लागते ती स्वयंपाकघरातच. वर आम्ही तिघं दारातून बाहेर पडू आणि अंगणात उभं राहून तुमची चौदा इंचांची खिडकी बघत बसू, असं आहे का तुमच्या मनात?"

कुणीच काही बोललं नाही. जावयांनी उठून भांडी धुवायला घेतली. रात्री अंथरुणावर पडल्यावर मी छताजवळच्या त्या खिडकीकडे बघत राहिले. चार महिने मी तिच्यावरचं पाणी पुसलं होतं, पण हिच्यातून बाहेर पडता येईल का, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. यावंच कसं? आमच्या घरातल्या एकाही खिडकीतून मांजराशिवाय कुणी बाहेर पडू शकत नाही. सगळ्यांना गज.

शेवटी असं ठरलं की या वर्षी तळघराची खिडकी आणि वरच्या सात, उरलेल्या चार पुढच्या वर्षी. खणण्याआधी एक नंबर फिरवून कळवावं लागतं, ८११. मग माणसं येऊन गवतावर रंगीत झेंड्या रोवून गेली. गॅसला पिवळी, विजेला लाल, पाण्याला निळी. नातीला वाटलं वाढदिवस आहे.

घर १९७८ च्या आधीचं, म्हणजे जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता. अमेरिकेत घराच्या रंगात शिशावर बंदी आली ती १९७८ मध्ये. त्यामुळे त्या कामाचं प्रमाणपत्र असलेलीच माणसं लागतात. त्यांनी जमिनीवर प्लास्टिक अंथरलं, दारं चिकटपट्टीने बंद केली, नातीला त्या खोल्यांकडे फिरकू दिलं नाही, आणि शेवटी ओल्या फडक्याने सगळं पुसून काढलं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली २०१७ मध्ये. माझ्या माहेरच्या वाड्यातली हिरव्या ऑइलपेंटची दारं मी लहानपणी नखाने सोलत असे.

आता माझा पराक्रम. वरच्या सात खिडक्या लागल्या, काचा लख्ख, पण प्रत्येकीवर ते मोठं स्टिकर. इंदूरची बाई आहे मी, स्वच्छतेत देशात पहिला नंबर आणणाऱ्या गावची. घरात कुणी नव्हतं. कोमट पाणी, साबण, तासाभरात सातही काचा साफ. संध्याकाळी लेक आली आणि दारातच थबकली. इन्स्पेक्टर येऊन तपासणी करीपर्यंत ती स्टिकर काढायची नसतात. त्यावरचा आकडा बघूनच तो सही करतो. जावयांनी कचऱ्याच्या डब्यातून एकेक चुरगाळलेलं स्टिकर काढलं, टेबलावर सपाट केलं, आणि चुंबकांनी फ्रिजवर ओळीने लावलं. मी त्या रात्री जेवले नाही. कुणी बोललं नाही म्हणून जास्तच वाईट वाटलं.

इन्स्पेक्टर दोन दिवसांनी आला. पिकल्या केसांचा, बुटांवर निळ्या पिशव्या चढवलेला. फ्रिजसमोर बराच वेळ उभा राहिला. मग ठेकेदाराची ऑर्डरची पावती मागितली, खिडक्यांचे नंबर ताडून पाहिले आणि मान डोलावली. जाताना मला म्हणाला, काचा फार स्वच्छ आहेत. बाथरूममध्ये टबाजवळच्या काचेवर टफन्डचा शिक्का आहे ना, ते वाकून बघितलं. मग सगळे खाली गेलो.

नवीन खिडकी उघडली की अख्खं पान बाजूला होतं. बाहेर तीन फूट रुंद खड्डा, त्याच्या भिंतीला लोखंडी शिडी. खड्डा ४४ इंचांपेक्षा खोल असला की शिडी लागतेच. इन्स्पेक्टरने टेप लावला, आकडे लिहिले, सही करणार एवढ्यात हे लेकीला म्हणाले, "त्यांना विचार, मी एकदा करून पाहू का?"

हे एकाहत्तर वर्षांचे, उजवा गुडघा दुखरा. मी नको म्हणेपर्यंत ह्यांनी पायजमा वर खोचला, स्टुलावर चढले, आधी डावा पाय बाहेर टाकला, मग वाकून डोकं, मग गुडघ्याला हाताने धरून उजवा. दोन मिनिटं नुसता श्वास ऐकू येत होता. मग शिडीचे दांडे वाजले आणि नात वरून ओरडली, "आजोबा जमिनीतून आले!" इन्स्पेक्टरने सही केली. त्याने काहीतरी म्हटलं, ते लेकीने मला भाषांतर करून सांगितलं नाही, पण तिने डोळे पुसले.

ऑक्टोबरात परत आलो. दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा हे मागच्या झोपायच्या खोलीत टेप घेऊन उभे दिसले. आमचं घर तळमजल्यावर, खिडकी चार फूट बाय साडेतीन, आणि तिला अर्ध्या इंची चौकोनी सळ्यांची ग्रिल, मीच पसंत केलेल्या नक्षीची. दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाला आला. तो म्हणाला, "भाऊसाहेब, चोरासाठी दरवाजा करताय काय?" शेजारच्या वहिनींचंही तेच म्हणणं पडलं. ह्यांनी खडूने ग्रिलवर चौकोन आखून दिला, तीस इंच बाय अठ्ठावीस, मोजून. तेवढा भाग कापून बिजागऱ्यांवर बसवला आणि आतून कुलूप लावलं.

आता किल्ली कुठे ठेवायची यावर वाद चालू आहे. हे म्हणतात, खिडकीशेजारी खिळ्याला, अंधारात हात जाईल अशी. मी म्हणते, खिळ्याला लावली तर बाहेरून काठीने काढतील. सध्या ती माझ्या उशीखाली आहे आणि रोज सकाळी पलंग आवरताना खणकन खाली पडते.