अर्थ लागला

आमच्या दारातील प्रीमियर पद्मिनी १९७८ सालची. वडिलांनी तिच्यासाठी नाव नोंदवून काही वर्षे वाट पाहिली आणि ती घरी आली त्या दिवशी आईने तिच्या बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होई. मूळची ती इटलीची फियाट ११००. पण सुरतेतील आपल्या जुन्या मराठी घरांप्रमाणे तीही इथलीच होऊन गेली. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. आमची पद्मिनी मात्र अजून चालते. ती चालावी म्हणून ज्यांनी हात काळे केले, त्या गृहस्थांवर आम्ही एकदा अन्याय केला. तो येथे नोंदवून ठेवावा असे वाटते.

ऑगस्ट २००६ चा तापीचा पूर आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. उकाई धरणातून सोडलेले पाणी अडाजणमध्ये शिरले तेव्हा गाडी हलवण्यास अवधीच मिळाला नाही. पाणी ओसरल्यावर आसनांपर्यंत गाळ होता. आम्ही गाडी पूर्ण मोकळी करून डेंटिंग-पेंटिंगला दिली आणि कारागिराला बजावले की, पत्र्याचा एक टिपूसही रंगाविना राहता कामा नये. त्याने आज्ञा तंतोतंत पाळली. गाडी नव्यासारखी दिसू लागली आणि आम्ही समाधान पावलो.

पुढे बारा-तेरा वर्षे काही बिघडले नाही. २०१९ च्या सुमारास मात्र दिवे चमत्कारिक वागू लागले. ब्रेक दाबला की डाव्या बाजूचा इंडिकेटर मंद उजळे; इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवा त्याच्या तालावर मिणमिणे. पुढचे दिवेही फिकट पडले. रांदेरला आमच्या वडिलांच्या वेळेपासून गाडीची वायरिंग पाहणारे एक वृद्ध कारागीर होते. त्यांना आम्ही चाचा म्हणत असू. त्यांनी बॅटरी तपासली, दिव्यांत डोकावले आणि म्हणाले, "साहेब, बॅटरी सारी छे. अर्थ नथी लागतो."

त्यांनी दोन दिवस गाडी ठेवून घेण्याची परवानगी मागितली. सगळा रंग खरवडून पाहावा लागेल, असे ते म्हणाले. आमच्या लाडक्या रंगावर कोणी पॉलिशपेपर फिरवणार, ही कल्पनाच आम्हांला सोसवेना. त्यातून सरकारी नोकरीत बिलांवर हरकती काढण्याची सवय अंगात मुरलेली. चाचा काम वाढवून सांगत आहेत, असा शेरा आम्ही मनातल्या मनात मारला, त्या दिवसाच्या मजुरीतले काही रुपये अडवून ठेवले आणि गाडी दुसरीकडे नेली. तेथे बल्ब बदलले, फ्लॅशर बदलला, चांगली बॅटरी बदलली. दोष तसाच. अखेर आख्खी वायरिंग नवी घालण्याचा सल्ला मिळाला आणि मुलाने गाडी भंगारात देण्याचा.

२०२३ साली नोंदणीच्या नूतनीकरणाची तपासणी जवळ आली. दिवे नीट नसतील तर गाडी उत्तीर्ण होणार नव्हती. तेव्हा आम्ही एक मल्टिमीटर विकत आणला आणि स्वतः बसलो.

घरातल्या दिव्याला दोन तारा लागतात. जाण्याची एक, येण्याची एक. गाडीत बहुतेक दिव्यांना बॅटरीकडून एकच तार येते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. बॅटरीचे ऋण टोक पत्र्याला जोडलेले असते आणि दिव्याची लहानशी तार थिंबलने तेथेच जवळ पत्र्यावर आवळलेली असते. यालाच कारागीर 'अर्थ' म्हणतात. ही वाट अडली की वीज दुसऱ्या दिव्याच्या तारेतून वळसा घेते आणि भलताच दिवा उजळतो. पुढच्या दिव्यांचेही तेच. वाटेत पाव ओहम अडथळा आला, तरी सात-आठ अँपियरच्या प्रवाहात दोनेक व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि १२ च्या जागी १० व्होल्ट मिळाले की उजेड जवळजवळ निम्मा होतो.

नातवाला ब्रेकवर पाय ठेवायला सांगितले. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरे मागच्या दिव्याच्या होल्डरवर धरले. तेथे जवळपास शून्य दिसायला हवे. दिसले साडेचार व्होल्ट. एक सुटी तार होल्डरपासून थेट बॅटरीपर्यंत लावताच दिवा लख्ख झाला. डिकीतला स्क्रू सोडवला. थिंबलखाली २००६ सालचा आमचा सुंदर रंग जसाच्या तसा होता. इतकी वर्षे स्क्रूचे आटे तेवढे वीज वाहून नेत होते. ते गंजले आणि वाट बंद झाली. चाचा ज्या अर्थाविषयी बोलत होते, तो आम्हांला चार वर्षांनी लागला.

दुसऱ्या दिवशी आम्ही रांदेरला गेलो. चाचा थकले होते. काम मुलगा पाहत होता. आम्ही झालेली चूक सांगितली. त्यांनी एवढेच विचारले, "केटली जग्याए घस्युं?" एकाच जागी, म्हटल्यावर ते काठी टेकत उठले. "आगळ बे बाकी छे." पुढच्या दिव्यांजवळच्या दोन जागा त्यांनी मुलाकडून चकचकीत घासून घेतल्या, थिंबल आवळल्यावर वरून ग्रीस लावायला सांगितले, म्हणजे पुन्हा गंज धरणार नाही. अर्ध्या तासात पुढचे दिवेही पांढरेशुभ्र झाले.

मजुरी दिल्यावर आम्ही २०१९ सालचे अडवलेले साडेतीनशे रुपये वेगळे काढून त्यांच्यापुढे ठेवले. चाचांनी नोटा मोजल्या आणि पन्नासाची एक आमच्या हातावर परत ठेवली.

"त्रणसो हता, साहेब."