मन राहू दे, आधी हात बघ

मनू,

कचरा न्यायला येणाऱ्या बाईंना तू सुनावलंस, तेच तुझी छकुली बाहुलीला म्हणाली, "लांब उभी राहा, दाराला हात लावू नकोस," हे वाचलं आणि मला पुढचं वाचवेना. पाच वर्षांची पोर ती! तू लिहितेस की आवाज तुझा होता, भुवई चढवायची लकबही तुझीच. लपवलं नाहीस, सरळ लिहिलंस, याचं मला फार बरं वाटलं.

आता तू विचारलंस ते. मनातली तुच्छता काढायची कशी? आणि लगेच पुढच्या ओळीत ध्यानाच्या शिबिराची चौकशी. शिबिराला खुशाल जा, तेवढीच विश्रांती मिळेल. पण नुसतं मनाच्या मागे लागून ही गोष्ट सुटत नाही, असं माझं ठाम मत आहे, आणि ते तू माझ्या तोंडून लहानपणापासून ऐकत आली आहेस. मनात काय यावं यावर आपली सत्ता थोडी. हातांवर ती बरीच असते. पिशवी पायरीवर टाकायची की हातात द्यायची, बोलताना दार अर्धं लावून घ्यायचं की पूर्ण उघडायचं, हे आजपासून बदलता येतं. मन येईल मागून. आणि दुसरं म्हणजे, ज्याचं काम आपण जवळून पाहिलेलं नसतं, त्याच्यासमोर नाक मुरडणं फार सोपं जातं.

त्या बाईंचं काम तू पाहिलं आहेस? तुझ्या एवढ्या लांब पत्रात त्यांचं नाव कुठेच नाही. रोज सकाळी दाराशी येणाऱ्या माणसाचं नाव माहीत नसावं, मनू? आईने तुला हे शिकवलं नव्हतं.

मी पुण्यात होते तेव्हा आमच्या इमारतीमागच्या शेडमध्ये जाऊन बसायचे, अशाच बायका कचरा निवडत तेव्हा. दुधाच्या पिशव्या एकीकडे, पाण्याच्या बाटल्या दुसरीकडे. पुठ्ठा वेगळा, पांढरा कागद वेगळा, पत्रा वेगळा. प्लास्टिक बोटांत चुरगाळून त्याच्या आवाजावरून ते कुठल्या जातीचं हे सांगायच्या. कशाला काय भाव मिळेल हे तोंडपाठ. आणि हाताला काय काय लागायचं! दाढीची पाती, फुटलेले पेले, इन्शुलिनच्या सुया. आपण पिशवीला गाठ मारली की आपल्यापुरतं संपतं. त्यांच्यासाठी ती गाठ सोडण्यापासून सुरुवात होते.

पायरीवर घाण पाणी सांडलं म्हणून तू त्या बाईंवर ओरडलीस. ते पाणी कोणाच्या स्वयंपाकघरातलं होतं गं?

तू ज्या पुण्यात राहतेस तिथे या बायकांनी केवढी लढाई केली, ते तुला कोणीतरी सांगायला हवं होतं. पूर्वी पाठीवर पोतं घेऊन गल्लीत शिरलं की कुत्री भुंकायची, लोक चोर समजायचे, पोलीस हटकायचे. १९९०च्या सुमाराला एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातली मंडळी त्यांच्यात जाऊ लागली. गेली होती अक्षरं शिकवायला. पण त्या बायकांची निकड वेगळी होती. कचराकुंडीत उकिरडा उपसण्यापेक्षा घरातूनच सुका माल वेगळा मिळाला, तर कमाई वाढते, वेळ वाचतो आणि हातही शाबूत राहतात. त्यातून १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, बाबा आढाव पाठीशी उभे राहिले. पुढे संघटनेच्या ओळखपत्राला महापालिकेने मान्यता दिली. गळ्यातलं ते कार्ड आपल्याला साधं दिसतं. ज्या बाईला रस्त्यावर कोणीही "ए" म्हणून थांबवत होतं, तिला ते दाखवून पुढे जाता येऊ लागलं. २००८ साली घरोघरचा कचरा गोळा करण्यासाठी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर काम करू लागली. सभासद त्याच बायका, म्हणजे मालकही त्याच. तू दर महिन्याला देतेस ते पैसे त्यांचा मेहनताना आहे. उपकार केल्यासारखे देऊ नकोस. सुट्टे नाहीत म्हणून "पुढच्या महिन्यात" तर मुळीच म्हणू नकोस.

मी लांबत चालले आहे, पण या विषयावर मला थोडक्यात बोलता येत नाही. माझी आई गाडगेबाबांबद्दल सांगायची. बाबा गावात आले की आधी खराटा हातात. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन. आधी उपदेश आणि मग झाडलोट, असं कधी नाही. ज्याने दिवसा बाबांच्या बरोबरीने गटार उपसलं, त्याला रात्री बाबा काय सांगताहेत ते निम्मं आधीच कळलेलं असे. साने गुरुजींच्या श्यामची आईही तशीच. अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून दे, म्हणून तिने श्यामला पाठवलं. घरी येऊन अंघोळ कर, हेही म्हणाली. काळाने तिला तेवढं बांधलेलं होतं. पण मोळी तर उचलली गेली. मन पूर्ण धुऊन निघेपर्यंत थांबली असती, तर म्हातारी तिथेच बसून राहिली असती.

तेव्हा तूही थांबू नकोस. ओला कचरा पाणी निथळून वेगळ्या डब्यात ठेव, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नकोस. काच फुटली तर जाड कागदात गुंडाळ आणि वर लिही. पॅड कागदात नीट बांधून त्यावर लाल ठिपका काढ, म्हणजे त्यांना उघडून पाहावं लागत नाही. हे सगळं छकुलीला सोबत घेऊन कर. ठिपका तिला काढू दे. आणि उद्या सकाळी दार उघडशील तेव्हा त्यांचं नाव विचार, माफी माग, तीही छकुलीच्या देखत. भाषण नको. "परवा मी वाईट बोलले, चुकलं माझं," बस्स. त्या काही बोलल्या नाहीत तर वाईट वाटून घेऊ नकोस. तुला लगेच माफ करणं त्यांच्यावर बंधनकारक नाही.

पण मनू, खरी झोप उडवली ती तुझ्या एका वेगळ्याच वाक्याने. "त्या दिवशी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मला नको ते ऐकवलं होतं, असो." असो काय? कोणी ऐकवलं? काय म्हणाला तो? तू घरी येऊन जे ओकलीस ते कुठून तरी पोटात गेलेलं होतं, हे न कळण्याइतकी मी म्हातारी झालेली नाही. याने तुझं वागणं बरोबर ठरत नाही. त्या बाईंनी त्या माणसाचं देणं का फेडावं? पण तुला कोणी रोज असं तुडवत असेल आणि तू गप्प बसत असशील, तर डबे वेगळे करून काय होणार?

आधीच्या पत्रातही तू जेवण जात नाही म्हणालीस, तेव्हा मी उन्हाळ्यावर ढकललं. घरात तू आणि छकुली दोघीच. रात्री जागी असतेस का? ऑफिसात सोबतीला कोणी आहे का, ज्याच्याशी बोलता येईल? वाटलं तर मी येते, माझ्या गुडघ्याचं मी बघीन.

छकुली झोपली की फोन कर. कचऱ्याचं नंतर बोलू, आधी त्या मीटिंगचं सांग.

तुझी,
मावशी

ता. क. तो माणूस जे जे बोलतो ते तारीख घालून वहीत लिहून ठेव. फोनवर काही निरोप पाठवले असतील तर ते पुसू नकोस.