पाणी कुठे गेलं?

अलिबागला वाढलेल्या माणसाला भरतीचा प्रश्न जन्मभर पुरतो. समोर समुद्रात कुलाबा किल्ला. सुकती असली की चालत जायचं, भरती असली की वाळूत बसून बघायचं. या विषयातले खरे पंडित म्हणजे घोडागाडीवाले. पर्यटकाने विचारलं की ते सांगायचे, "आठला निघा, दहाच्या आत माघारी फिरा." गावातल्या कुणी तेच विचारलं तर उत्तर दोन शब्दांत, "आज चतुर्थी." पुढचा हिशेब ज्याचा त्याने मनात करायचा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास; त्याआधी सहा तास, नऊला सुकती. हे दुसरं उत्तर आपल्याला कधी मिळेल याची मला लहानपणी फार घाई होती.

शाळेत भरतीला चंद्र चिकटला. चंद्र पाणी ओढतो, एवढं लिहिलं की मार्क मिळत. पण चंद्र दिवसातून एकदा माथ्यावर येतो आणि भरती दोनदा, हे आमच्या वर्गातल्या कोळीवाड्यातल्या पोरांना पक्कं ठाऊक होतं. त्याचं उत्तर कॉलेजात मिळालं. चंद्र जवळच्या पाण्याला सर्वांत जास्त ओढतो, पृथ्वीच्या मध्याला त्याहून कमी, पलीकडच्या पाण्याला सर्वांत कमी. पलीकडचं पाणी मागे पडतं, म्हणून तिकडेही फुगवटा. शाळेतलं उत्तर अपुरं होतं, खोटं नव्हतं. त्याच्यावर हे बसवता आलं. "निसर्गाचा नियमच आहे तो" असं म्हणणाऱ्यांवर मात्र माझा राग आहे. त्यावर काहीच बसवता येत नाही.

पुढे मीच विज्ञान शिकवायला लागलो. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, की पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा. मग उत्तर आणि त्याखाली सही घरपोच येई. पोस्टकार्डावर जागा ती किती! विश्वरचनाशास्त्रात काम करणाऱ्या माणसाने तेवढ्यात मावेल आणि त्या मुलाला उमगेल असं लिहायचं, हे शोधनिबंधापेक्षा सोपं असेल असं मला वाटत नाही.

माझी परीक्षा नागपूरहून आलेल्या सहा वर्षांच्या भाचीने घेतली. संध्याकाळी लाटांत खेळली होती, सकाळी पाहते तो किल्ल्यापर्यंत ओला खडक. "मामा, पाणी कुठे गेलं?" चंद्र, फुगवटा, सगळं ओठांवर आलं होतं. म्हटलं, "दुसरीकडे भरती आलीय, तिकडे गेलंय." तिने क्षितिजाकडे बघून विचारलं, "मग तिकडची मुलं आत्ता पोहतायत?" हो, पोहत असतील. कॉलेजात जाईल तेव्हाही यातलं काही पुसावं लागणार नाही.

मोठ्यांचं अवघड. शाळेतला माझा एक सोबती आज नाखवा आहे. त्याने एकदा विचारलं, "चंद्र तोच, मग मुंबईला उधाणात पाणी पाचेक मीटर चढतं, गोव्याला दोनेक, आणि खंबायतच्या आखातात दहाच्या घरात. असं का?" त्याच्यापुढे चंद्र काढण्यात अर्थ नव्हता. मी त्याला खाडीच सांगितली: तोंड रुंद, आत अरुंद आणि उथळ, मागून रेटा चालूच, मग पाण्याने चढायचं नाही तर जायचं कुठे? तो हसला. रोज तो हेच अंगावर घेत होता.

"आणि पावसाळ्यात?" त्याने पुढचं काढलं. "वादळ असलं की तिथीच्या हिशेबाहून जास्त चढतं."

वाऱ्याचा रेटा सांगून झाला. हवेचा दाब याला कसा सांगावा म्हणून मी बादली, झाकण असलं काही जुळवत होतो, तोवर त्याने मोबाइल पुढे धरला. हवामानाच्या ॲपवर दाबाचा आकडा होता, ९९८.

"हा उतरला की पाणी चढतं, ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "का चढतं ते सांग."