तीन फोन, एक उमेदवार

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश म्हणून वेगळं राहायचं, हा प्रश्न होता. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळेपणाची दोन पानं. ३४,०२१ मतांनी दोन पानं जिंकली. मराठीची विद्यार्थिनी म्हणून मला यातली एक गोष्ट फार आवडते. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होता, 'राष्ट्रमत' विरोधात, आणि दोघेही मराठीतच! उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर विलीनीकरणवाद्यांनाही वाचता येत होतं, त्याला उत्तर देता येत होतं.

आता आमच्या घरातलं सांगते. गेल्या निवडणुकीत मी पहिल्यांदा मत दिलं. त्या दिवसांत एकदा जेवताना कळलं, की एकाच उमेदवाराची तीन रूपं आमच्या घरात वावरताहेत. माझ्या फोनवर तो नोकऱ्या देत होता, पप्पांच्या फोनवर गावच्या जमिनी वाचवत होता, आणि ममाच्या फोनवर 'आपल्या लोकांना' धोका आहे म्हणून घाबरवत होता. एकाला दिसलेला व्हिडिओ दुसऱ्याला दिसलाच नव्हता.

मोठ्या कंपन्यांचा धंदाच असा चालतो. आपण काय बघतो, कुठे थांबतो, याची नोंद होते आणि त्यावरून कुणाला काय दाखवायचं ते यंत्र ठरवतं. जितका वेळ आपण स्क्रीनला चिकटून राहू, तितक्या जाहिराती जास्त. २०१८ मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण उघड झालं, तेव्हा ८.७ कोटींपर्यंत लोकांची माहिती अशी बाहेर गेली असावी, असं फेसबुकनेच सांगितलं. त्यात साडेपाच लाखांहून जास्त भारतीय होते.

वर्तमानपत्रांनाही मालक होते, बाजू होती. पण जे छापायचं ते सगळ्यांसमोर छापावं लागायचं. ममाला घाबरवणारा व्हिडिओ मला दिसलाच नाही, तर मी तो खोडून काढू कसा? घरातच वाद होत नसेल, तर गावात कुठून होणार?

कंपन्यांवर कडक कायदे यायला हवेतच. तोवर निवडणुकीच्या दिवसांत घरातल्यांनी रोज थोडा वेळ फोन एकमेकांच्या हातात द्यावेत, असं मी सुचवलंय. ममाला पटलंय. पप्पा अजून विचार करताहेत.